शाळेची किल्ली कुणाकडे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : आपत्ती सौम्यीकरण निधीतला ठरावीक हिस्सा गावांनी आणि वाड्यांनी आपला आराखडा आपण करावा यासाठी राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

गावांचे आपत्ती आराखडे करून घेण्याच्या कामासाठी गेले काही पावसाळे मी हिंडते आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या कपाटातून आधीचा आराखडा काढून माझ्यापुढे ठेवला गेला. स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिकचे कव्हर, आत रंगीत पाने. समुद्र तिथून घाट उतरून गेल्यावर येतो, तरी आराखड्यात त्सुनामीवर अख्खे प्रकरण होते. नवव्या पानावर भलत्याच तालुक्यातल्या गावाचे नाव तसेच राहून गेले होते. ते पाहून सरपंचबाई हसल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं, आमचं तरी नाव मुखपृष्ठावर आहे.”

त्याच आराखड्यात ‘निवारा’ या मथळ्याखाली एकच ओळ होती. जिल्हा परिषद शाळा, क्षमता १५० माणसे. मी सहज विचारले, रात्री दोन वाजता ओढा चढला तर शाळेची किल्ली कुणाकडे असते? बैठकीला तीसेक माणसे होती, सगळी एकमेकांकडे पाहू लागली. किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक तालुक्याला राहतात. मधे एक फरशी आहे, ती दर पावसाळ्यात चारदा पाण्याखाली जाते. मागून कुणीतरी म्हणाले, “मग कुलूप तोडायचं, त्यात काय.” त्यावर कोपऱ्यातल्या एक बाई बोलल्या, “तोडायचं कशानं? पहार माझ्या घरात आहे, अन् माझं घर ओढ्याच्या पल्याड.”

आराखडा करणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या दिवशी कळले. पहार कुठे आहे आणि किल्ली कुठे आहे याचा शोध म्हणजे आराखडा. पुढचे सांगते. दुसरी किल्ली करून पोलीस पाटलांकडे ठेवायची असे सर्वांनी ठरवले. किल्लीचा खर्च चहापाण्याइतका. पण शाळेची मालमत्ता म्हणजे लेखी परवानगी हवी, आणि तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. परवानगी आली तेव्हा नवरात्र उजाडले होते.

हे पत्र त्या किल्लीसाठी आहे असे समजा.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रतिसाद निधी आणि सौम्यीकरण निधी अशा दोन वेगळ्या थैल्या सांगितल्या, हे आपणास माझ्याहून चांगले माहीत आहे. पहिली थैली आपत्तीनंतरची, दुसरी आपत्तीआधीची. पहिली २०१० मध्ये सुरू झाली. दुसरीला मुहूर्त मिळेना. राष्ट्रीय पातळीवरचा सौम्यीकरण निधी स्थापन व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत माळीण होऊन गेले, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर होऊन गेला, निसर्ग वादळ होऊन गेले. पंधराव्या वित्त आयोगाने शेवटी आकडा घालून दिला. राज्याच्या आपत्ती निधीतले ४० टक्के प्रतिसाद आणि मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीला आणि २० टक्के सौम्यीकरणाला. २०२१-२६ या पाच वर्षांत सर्व राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी रुपये धरले गेले, त्यातले ३२,०३१ कोटी सौम्यीकरणाचे. सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. २०२१-२२ या एका वर्षासाठी आपल्या राज्याचे ४,२९६ कोटी होते, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, सुमारे ८५९ कोटी रुपये, आपत्ती येण्याआधी खर्चायचे.

पैसा आहे. तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार पैसा वळतो कुठे याबद्दल आहे. सौम्यीकरण म्हणजे स्थानिक पातळीवरचे, लोकांच्या सहभागाने होणारे असे काम, ज्याने धोका कमी होतो आणि वस्ती व उपजीविका निसर्गाशी जुळवून घेते, असे वित्त आयोगाने स्वच्छ लिहून ठेवले आहे. समुद्राच्या भिंती, पुराचे बांध अशी मोठी बांधकामे नेहमीच्या विकास योजनांतून करा, या निधीतून नको, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. आता जिल्ह्यांकडून आपल्याकडे आलेले प्रस्ताव काढून पाहा. नदीकाठची संरक्षक भिंत, नाल्याची संरक्षक भिंत, डोंगराच्या पायथ्याची संरक्षक भिंत. मी ज्या गावांत गेले तिथे ‘सौम्यीकरण’ हा शब्द कुणाला उच्चारता येत नव्हता, पण “भिंतीचे पैसे कधी येणार” हे सर्वांनी विचारले.

यात अधिकाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. सरकारी कागद जसा चालतो तशीच ही गोष्ट घडते. भिंतीचे अंदाजपत्रक करता येते, कारण दगडी पिचिंगचा घनमीटरचा दर दरसूचीत आहे. तांत्रिक मान्यता मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, शेवटी फोटो निघतो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी यंदा गढूळ का येते हे सांगणाऱ्या म्हातारीबरोबर दोन दिवस चालण्याचा दर कुठल्याच दरसूचीत नाही. त्याला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचा सरकारी हिशेबातला रकाना, नाही, आणि लेखाशीर्ष नसलेली गोष्ट सरकारदरबारी घडत नाही. मग आपत्ती कायद्याच्या कलम ३२ खालचे स्थानिक आराखडे तर व्हायलाच हवेत, म्हणून एखाद्या संस्थेला शेदोनशे गावांचे काम सर्वांत कमी दराने दिले जाते. तिने बिचारीने करावे काय? ती एक आराखडा लिहिते आणि नाव बदलत जाते. नवव्या पानावर एखादे नाव राहून जाते.

इर्शाळवाडीचे उदाहरण पुन्हा काढते, कारण त्याची चर्चा हळहळीवरच थांबली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावाला गेलेली माणसे पावसात, चिखलात डोंगर चढून गेली. यंत्रे वर नेता येत नव्हती, म्हणून माती हाताने उपसली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यानंतर विधिमंडळात सांगितले गेले. ते खरेच होते. म्हणून तर ते गंभीर आहे.

यादी होते कशी? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडींच्या संभाव्यतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले आहेत. काम मोठे आहे, मोलाचे आहे. पण या प्रमाणावर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी, शंभर-दीडशे मीटरची, अशा नकाशावर दोन-तीन मिलिमीटर भरते. शिसपेन्सिलीचे टोक टेकवले की वाडी झाकली जाते. हा नकाशा कुठल्या डोंगररांगेकडे लक्ष द्यायचे ते सांगू शकतो. कुठल्या घरामागची जमीन फाटली आहे हे सांगणे त्याचे काम नाही, आणि ते काम त्याच्याकडून आपण धरून बसलो आहोत.

घरामागची जमीन कुणी पाहिलेली असते? तिथून रोज लाकूडफाटा आणणाऱ्या बाईने. उन्हाळ्यात पडलेली भेग पहिल्या पावसात रुंदावली हे तिला माहीत असते. एरवी सरळ असलेले झाड कलले, घराचे दार अचानक चौकटीत अडकू लागले, कोरड्या जागी पाणी पाझरू लागले किंवा वाहता झरा एकाएकी आटला, ही सारी दरडीआधीची लक्षणे पुस्तकांत दिलेली आहेत. फरक एवढाच की पुस्तक वाचणारा त्या डोंगरावर राहत नाही, आणि राहणाऱ्यांना कुणी विचारलेले नसते. माळीणचे आठवून पाहा. ३० जुलै २०१४ ची सकाळ. गाव गाडले गेल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. नेहमीच्या फेरीला तो आला आणि जिथे गाव होते तिथे नुसती माती. १५१ माणसे गेली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला बातमी पोचवली ती रोज त्याच रस्त्याने येणाऱ्या एका माणसाच्या सवयीच्या नजरेने.

तळीयेतही, २२ जुलै २०२१ ला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी चिपळूण बुडाले. पाऊस असा थोड्या तासांत कोसळू लागल्यावर आजोबांनी दाखवलेली पुराची खूण अपुरी पडते. म्हणून आराखडा एकदा करून कपाटात ठेवण्याची चीज राहिलेली नाही. तो दरवर्षी मे महिन्यात उघडावा लागेल. कौले परततो तसा.

कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. तरी प्रत्येकाच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो. ४३ फुटांना आमच्या गल्लीत पाणी येते की पुढच्या? ४५ ला जनावरे हलवायची की ४४ ला? सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या फुटांचे असेच. फुटाचे गल्लीत भाषांतर केले की इशाऱ्याला अर्थ येतो, आणि ते भाषांतर मुंबईत बसून होत नाही. एका नदीकाठच्या गावात आम्ही ते केले. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वेळी पाणी कुठवर आले ते घरोघर विचारत गेलो. एका घरात देव्हाऱ्याच्या पायरीवर रेघ होती, दुसरीकडे गोठ्याच्या खांबावर. एका आजोबांनी भिंतीवर खडूने तारीख लिहून ठेवली होती आणि दिवाळीच्या रंगात सुनेने ती पुसली होती, त्यावरून घरात पुन्हा भांडण झाले. तीन दिवसांत विजेच्या खांबांवर लाल, पिवळे, निळे पट्टे ओढून झाले. रंगाचे दोन डबे आणि चार पोरांची मजुरी. कुठल्या फुटाला कुठल्या आळीने निघायचे हे तिथे आता वाचता न येणाऱ्यालाही कळते. दोन डबे रंगाचे पैसे कुठल्या खात्यातून दाखवायचे यावर मात्र ग्रामसेवकांनी डोके धरले.

याच कृष्णेच्या पट्ट्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. कारण पाणी वाढत होते आणि फेऱ्या थोड्या होत्या. बोट किती माणसांची, ती चालवायची कुणी, पहिल्या फेरीत कोण बसेल, पाणी किती फुटांवर असताना पहिली फेरी निघेल, या चार ओळी कोरड्या दिवशी, शांतपणे, सगळ्यांच्या समोर ठरवायच्या असतात. पाणी दारात आल्यावर ठरत नाहीत.

आता थोडे राजकारणाविषयी, कारण प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते आणि ही अडचण त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक असणार. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सरकारला मतदार मते देतात, आपत्तीआधी खर्च करणाऱ्याला देत नाहीत. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचे आकडे तपासून हे दाखवले. पूर्वतयारीवरचा एक डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरचे नुकसान वाचवतो आणि तरीही त्याला मत मिळत नाही, असा तो हिशेब होता. आपल्याकडे कुणी असा अभ्यास केला नसला तरी चालेल, आपण डोळ्यांनी पाहतोच. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची माती वाहून गेली होती, मदत द्यायलाच हवी होती, त्याबद्दल एका अक्षराचीही कुरकुर नाही. फक्त दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तेवढी रक्कम उभी करायला वर्षाला ८५९ कोटींचा सौम्यीकरण निधी जवळजवळ ३७ वर्षे साठवावा लागेल.

आणि वाचलेल्या माणसाचे नाव कुठल्याच यादीत येत नाही. गेलेल्याच्या वारसाला चार लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते, त्याचा धनादेश देतानाचा फोटो येतो. दरड आली आणि वाडी आधीच रिकामी होती, याचा फोटो कसा काढणार? हा राजकीय तोटा सोसायची तयारी ठेवा, असे मी तुम्हाला सांगणे फारसे खरे नाही. पण थोडी युक्ती करता येईल. तालीम करा. रात्रीची, पावसातली, अख्ख्या गावाची रंगीत तालीम. पालकमंत्र्यांना बोलवा, हातात विजेरी द्या, फोटो काढा. त्याला आमची हरकत नाही.

दुसऱ्या राज्यांचे दाखले दिले की आपल्याकडे नाके मुरडतात, तरी देते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. निवारे बांधले हे खरे, पण त्याहून जास्त काम झाले ते कोण कुणाला कसे घेऊन जाईल हे गावोगाव ठरवण्याचे. तिथली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावे २०२० मध्ये त्सुनामीसाठी सज्ज म्हणून युनेस्कोच्या महासागर आयोगाने मान्य केली. म्हणजे त्सुनामीचे प्रकरण कुठल्या गावाच्या आराखड्यात असावे तेही तिथे बघायला मिळेल. केरळने २०१८ च्या महापुरानंतर ‘नम्मळ नमुक्कायी’, म्हणजे ‘आपणच आपल्यासाठी’, अशी मोहीम काढून ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडून त्यांचे आराखडे करून घेतले. तरी ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, वायनाडच्या डोंगरात मुंडक्कई आणि चूरलमला गाडले गेले. आराखडा म्हणजे ताईत नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्याच वायनाडमध्ये एका स्थानिक संस्थेने गावोगाव बसवलेल्या पर्जन्यमापकांच्या आकड्यांवरून आदल्या दिवशी धोक्याची सूचना प्रशासनाला दिलेली होती, हीही नोंद ठेवू या. आकडा हाती होता. तो पोचल्यावर काय करायचे, हे मात्र ठरलेले नव्हते.

तर मागणी अशी. सौम्यीकरण निधीत आराखड्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि त्यात पैसे टाका. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एकेका ग्रामपंचायतीला सरासरी ५० हजार रुपये धरले तर १४० कोटी होतात. पाच वर्षांत वाटून टाका, वर्षाला २८ कोटी. २०२१-२२ च्या ८५९ कोटींच्या साडेतीन टक्क्यांहून कमी. नव्या वित्त आयोगाचा २०२६-३१ हा काळ आहे, तेवढ्यात राज्य फिरून होते. सरसकट नको असेल तर सह्याद्रीच्या उतारावरच्या, नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या गावांपासून सुरुवात करा. ५० हजारांत काय होते? गावातल्याच दोघातिघांना पंधरा-वीस दिवसांची मजुरी मिळते, शिवारफेरी होते, मोठ्या कागदावरचा घरोघरचा नकाशा होतो, शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसतो, खांबांवर पट्टे ओढले जातात, एक रात्रीची तालीम होते आणि दोन किल्ल्या होतात.

पूर्वतयारीचे १० टक्के आहेत ना, असे कुणी म्हणेल. आहेत, पण त्या पैशाची नजर यंत्रणेच्या साधनांवर आणि यंत्रणेच्या प्रशिक्षणावर असते. बोट गावात पोचते, ती ठेवायची कुठे हे गावाला विचारलेले नसते. कायद्याच्या कलम ४८ मध्ये जिल्हा सौम्यीकरण निधीचाही उल्लेख आहे. तो किती जिल्ह्यांत पैशासकट उभा आहे, एवढे तरी संकेतस्थळावर टाका, म्हणजे आम्हाला माहितीच्या अधिकारातला दहा रुपयांचा स्टँप लावावा लागणार नाही.

आणि पैसे देऊन थांबू नका. सौम्यीकरणाचे काम मंजूर करताना ते गावाच्या आराखड्यातून आले आहे का, हे तपासण्याची अट घाला. भिंत हवी असेल तर गावानेच ती मागितलेली असेल, कुठे आणि का हे लिहिलेले असेल. मला खात्री आहे, निम्म्या ठिकाणी गाव भिंत मागणारच नाही. एके ठिकाणी लोकांनी काय मागितले सांगू? मोरीचा नळा मोठा करून द्या. रस्ता करताना ठेकेदाराने टाकलेला अरुंद नळा पालापाचोळ्याने तुंबतो आणि ओढा वळून आदिवासी वाडीत शिरतो. काम चार-पाच नळ्यांचे. गावाची ही मागणी तीन वर्षे प्रलंबित होती आणि त्याच गावाला दुसऱ्याच टोकाला, स्मशानाजवळ, भिंत मंजूर झाली होती. चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषणे केली तेव्हा कुठे नदीत यंत्रे उतरली, हेही विसरण्याइतके जुने नाही.

ग्रामपंचायती पैसे खातील, हा आक्षेप मी कार्यालयांत दबक्या आवाजात आणि चहाच्या टपरीवर मोठ्याने ऐकला आहे. काही खातील. म्हणून निम्मे पैसे आधी द्या आणि निम्मे रात्रीची तालीम झाल्यावर. तालीम खोटी करता येत नाही. रात्री अकराला भोंगा वाजला आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा पंचवीस मिनिटांत शाळेत पोचले की नाही, हे सगळ्या गावाला दिसते.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ग्रामसभा गावठाणात भरते. डोंगरावरची ठाकरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा तिथवर येत नाही. आला तरी मागे उभा राहतो, आणि ठरावावरच्या सह्या पुढच्या रांगेतल्यांच्या असतात. धोका नेमका वाडीत असतो. इर्शाळवाडी ठाकरांची होती. आराखड्याची बैठक वाडीत, वाडीतल्या माणसांच्या सवडीने, म्हणजे मजुरीवरून परतल्यावर संध्याकाळी झाली पाहिजे आणि वाडीच्या ठरावाशिवाय गावाचा आराखडा पूर्ण धरू नये, असे परिपत्रकात लिहा. स्थलांतराचा विषय निघाला की वाडीतले लोक गप्प बसतात. त्यांना धोका कळत नाही असे नाही. खाली जागा कुणाच्या मालकीची मिळेल, शेळ्या कुठे बांधायच्या, रान किती लांब पडेल, हे त्यांनी आपल्याआधी मोजलेले असते. त्या मोजणीत बसल्याशिवाय पुनर्वसनाचा कागद पुढे सरकत नाही, आणि त्या बसण्यालाच वेळ आणि पैसा लागतो.

शहरांविषयी थोडक्यात. आपत्ती कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. तिथेही प्रभागाखाली उतरा. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये आखलेला उष्णता कृती आराखडा दवाखाने, पाण्याच्या सोयी आणि वेळेवर दिलेला इशारा यांवर उभा होता, मोठ्या बांधकामावर नाही. आपल्या शहरांत पत्र्याच्या छपराखाली दुपारी दोन वाजता कोण एकटे असते, हे अंगणवाडी सेविकेला माहीत आहे. तिला त्यासाठी मानधन द्या, आणखी एक फुकटचे रजिस्टर नको.

शेवटी तारखेचे बोलते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. लेखाशीर्षाचा शासन निर्णय आणि सोबतचे परिपत्रक १ मेच्या सभेआधी गावात पोचले, तर पावसाआधी महिना सव्वा महिना मिळतो. तेवढ्यात एक फेरी, एक नकाशा आणि एक तालीम होते. एप्रिल-मेमधल्या मॉन्सूनपूर्व आढावा बैठकांत जिल्हाधिकाऱ्यांपुढे नाल्यांच्या सफाईची टक्केवारी वाचली जाते, त्याच कागदावर आणखी एक रकाना वाढवा. निवाऱ्याची किल्ली कुणाकडे, आणि ती व्यक्ती निवाऱ्यापासून किती पावलांवर राहते.

त्या डोंगरगावात आता किल्ली पोलीस पाटलांच्या दाराआड खिळ्याला लटकते. पहार शाळेच्या ओट्याखाली ठेवली आहे. बाईंनी स्वतः आणून दिली, वर नाव खडूने लिहिले, कारण पावसाळा संपला की परत हवी आहे.

आपली,
आराखड्यांमागे हिंडणारी एक कार्यकर्ती